शाळेचा इतिहास लिहायचा तर : वाचकांचे प्रश्न

शहरांतल्या जुन्या हायस्कुलांचे शतक महोत्सव जवळ आले की स्मरणिकेचे काम बहुधा माजी विद्यार्थ्यांच्या अंगावर येते. सहा महिने हाताशी असतात, कपाटात कुबट वासाच्या वह्या असतात, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्या कामाबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

शाळेच्या पाटीवर एक साल आहे, संस्थेच्या घटनेत दुसरे आणि मान्यतेच्या पत्रात तिसरे. शतक महोत्सव कोणत्या सालावरून धरायचा? — माजी विद्यार्थी, पुणे

तिन्ही साले खरी असू शकतात, कारण ती तीन वेगळ्या घटनांची आहेत. पुण्याचेच उदाहरण घ्या. न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले जानेवारी १८८० मध्ये आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली १८८४ मध्ये. इथे शाळा आधी आणि संस्था नंतर. मुंबईत वेगळाच प्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनची मुळे १८२० च्या दशकात आहेत, पण हायस्कूल आणि कॉलेज वेगळे झाले १८५६ मध्ये. कोणी कोणते साल सांगितले यावर शाळेचे वय तीसएक वर्षांनी बदलते.

आमच्या मते शाळेचा जन्मदिवस म्हणजे पहिला वर्ग भरला तो दिवस. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे पहिल्या जनरल रजिस्टरमधल्या, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीतल्या, पहिल्या नोंदीची तारीख. जुन्या काळी मान्यता बहुधा नंतरची असे, कारण शाळा आधी चालवून दाखवावी लागे आणि मग तपासनीस येई. स्मरणिकेत तिन्ही साले द्या आणि कोणते साल कशाचे ते लिहा. एकच साल ठोकून दिले की पन्नास वर्षांनी पुढची समिती पुन्हा याच घोळात पडते.

आणखी एक हिशेब नेहमी चुकतो. जून १९२७ मध्ये सुरू झालेल्या शाळेचे शंभरावे वर्ष जून २०२६ मध्ये सुरू होते आणि शंभर वर्षे जून २०२७ मध्ये पूर्ण होतात. महोत्सवाचा प्रारंभ पहिल्या तारखेला आणि सांगता दुसऱ्या तारखेला ठेवली की वाद उरत नाही.

मुख्याध्यापकांनी जुनी जनरल रजिस्टरे पाहायला दिली आहेत. त्यात नेमके काय शोधायचे? गाजलेल्या विद्यार्थ्यांची यादी तर आमच्याकडे आधीच आहे. — स्मरणिका समिती, सातारा

यादी आहे म्हणून रजिस्टर बाजूला ठेवू नका. त्याची किंमत काय असते ते तुमच्याच गावात दिसते. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टर क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. त्या दिवशी कोणा कारकुनाने ती ओळ नीट लिहिली आणि पुढे शाळेने ती वही नीट सांभाळली, म्हणून ही तारीख आज ठामपणे सांगता येते. ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, तो याच नोंदीच्या आधारावर.

पण तीच ओळ काय सांगत नाही, तेही पाहा. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गात एका कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही वेगळ्या गोणपाटावर. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. रजिस्टरात नाव, तारीख, इयत्ता मिळते. मुलगा कुठे बसला आणि तहान लागल्यावर त्याचे काय झाले, हे रजिस्टरात नसते. शाळेचा इतिहास लिहायचा तर दोन्ही लागते, आणि अभिमानाचा मजकूर छापताना दुसरा भाग गाळू नये.

आता काम. रजिस्टरात साधारणपणे अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेरा असे रकाने असतात. जुन्या काही रजिस्टरांत पालकाचा व्यवसायही असतो. सगळ्या नोंदी उतरवत बसलात तर महोत्सव होऊन जाईल. दर पाचवे वर्ष घ्या, १९०५, १९१०, १९१५ असे, आणि त्या वर्षांचे सगळे नवे प्रवेश उतरवा. चार गोष्टी मोजा : मुले कोणत्या शाळांतून आली, जन्मस्थळ गावातले की बाहेरचे, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, आणि का सुटली. एवढ्यावरून शाळेभोवतीची वस्ती कशी बदलली ते दिसू लागते. गिरणगावातल्या शाळेत १९८२ च्या संपानंतरची पाने अशी वाचली तर ‘गावी गेले’ हा शेरा एकाखाली एक येतो का, ते पाहा.

सोडण्याच्या कारणाचा रकाना आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. ‘बदली’, ‘फी थकली’, ‘सतत गैरहजर’, मुलींच्या बाबतीत ‘लग्न’. जे मॅट्रिक झाले नाहीत त्यांचा शाळेतला शेवटचा कागद तोच असतो.

मोजताना हमखास फसवणाऱ्या जागा अशा :

नाव काढून पुन्हा दाखल झालेल्या मुलाला नवा क्रमांक मिळतो, म्हणजे एकच मूल दोनदा मोजले जाते. शेरा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही शाळांत नवी वही सुरू झाली की क्रमांक पुन्हा १ पासून येतात. म्हणून क्रमांकाबरोबर वहीचा नंबरही लिहा. मुली रजिस्टरात माहेरच्या नावाने असतात, त्यामुळे माजी विद्यार्थिनींना शोधताना आधी माहेरचे नाव आणि मॅट्रिकचे वर्ष विचारावे लागते.

आणि १ जून! ज्यांच्या घरी जन्मतारखेचा कागद नव्हता त्यांची तारीख गुरुजींनी १ जून लिहिली, कारण त्या तारखेने वयाचा हिशेब बरोबर बसे. १ जूनला जन्मलेली मुले ढिगाने सापडली तर गोंधळू नका. उलट त्यांचे प्रमाण मोजा. घरात शाळेत येणारी पहिलीच पिढी किती होती, त्याचा अंदाज यावरून बांधता येतो.

जनरल रजिस्टर कायम जपायचा दस्तऐवज आहे. त्यावर पेनाने खूण करायची नाही, ते शाळेबाहेर न्यायचे नाही, आणि चुकीची वाटणारी नोंद ‘सुधारायची’ तर मुळीच नाही. नोंदीतल्या दुरुस्तीला शिक्षण खात्याची मंजुरी लागते. तुमची शंका तुमच्या वहीत, पेन्सिलीने.

आजोबांच्या दाखल्यावर ‘इंग्रजी पाचवी’ आहे आणि आजीच्या दाखल्यावर ‘सातवी पास’. जास्त कोण शिकले? — वाचक, कोल्हापूर

आजी कोणती सातवी पास झाल्या, त्यावर उत्तर अवलंबून आहे. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधी मराठी चार इयत्ता आणि मग इंग्रजी सात इयत्ता असा क्रम होता. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी पाचवी म्हणजे आजची नववी, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, आजच्या मोजणीने अकरावी. सूत्र सोपे आहे : इंग्रजी इयत्तेत चार मिळवा.

पण मराठी शाळेतच राहून सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, देणारेही पुष्कळ असत. ती सातवी आजचीच सातवी. दाखल्यावर शाळेचे नाव ‘मराठी शाळा’ असेल तर ही, म्हणजे आजोबा जास्त शिकले; ‘हायस्कूल’ असेल तर इंग्रजी सातवी, म्हणजे आजी. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्यांना शिक्षकाची नोकरी मिळत असे, त्यामुळे या सातवीला कमी लेखू नका. बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग.

परीक्षेचे नावही काळानुसार बदलते. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. १९४९ पासून एस.एस.सी. मंडळाची परीक्षा आली, आणि १९७५ च्या सुमारास अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची आली. ‘१९३८ साली एस.एस.सी. झाले’ असे स्मरणिकेत छापले तर जाणकार पुढचे पान उलटत नाही.

फीच्या नोंदींसाठी : १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे १२ पै. २ रुपये १२ आणे म्हणजे २.७५ रुपये. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून.

रजिस्टरे माळ्यावर होती, पावसात दोन ओली झाली. पाने चिकटली आहेत. फोटो काढून ठेवायचे आहेत. कसे करावे? — शिक्षिका, दादर

ओली वही उघडू नका. घाईने पाने सोडवली की शाईचा थर समोरच्या पानावर जातो आणि दोन्ही पाने गमावतात. ऊनही नको, कागद आकसून वेडावाकडा होतो. वही उभी ठेवा, पुठ्ठे थोडे उघडे, पंखा खोलीत फिरता पण वहीवर थेट वारा नाही. जी पाने आपणहून सुटतात त्यांत दर दहाबारा पानांना एक कोरा टीपकागद घाला आणि तो भिजला की बदला, पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी. मुंबईच्या पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून हे काम सोमवारवर ढकलू नये. पाने चिकटून घट्ट बसली असतील तर तिथे थांबा आणि कागदसंवर्धन जाणणाऱ्याला दाखवा. बुरशी आलेली असेल तर मास्क लावा आणि ती वही इतरांपासून वेगळी ठेवा.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन, या दोन गोष्टी जुन्या कागदाला पाण्याइतक्याच घातक आहेत. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन उलटवता येत नाही. फाटलेले पान आहे तसे पातळ, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा. टाचण्या, यू-पिना, रबर काढून टाका. गंजाचा डाग पुढच्या पाच पानांत उतरतो. वाळवी आणि कसरीसाठी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, जमिनीपासून उचला, आणि न्हाणीघराच्या भिंतीला टेकवू नका. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर पूर्ण वाळवून, मलमलच्या पुरचुंडीत. नुसता पानांत घातला तर डाग पडतात.

फोटोंसाठी महाग यंत्र लागत नाही. वही टेबलावर सपाट, फोन वर स्टँडला, भिंग पानाशी समांतर. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे दिवे, त्यांवर पातळ पांढरा कागद किंवा कापड. फ्लॅश बंद. १२ मेगापिक्सेलचा फोन ए-३ आकाराच्या पानाला साधारण २४० डीपीआय, म्हणजे दर इंचाला २४० ठिपके, देतो. अक्षर वाचायला ते पुरते. बारीक अक्षर असेल तर पानाचे दोन भाग घ्या, मध्ये तीन सेंटिमीटर सामायिक. फोनमधली ‘स्कॅन’ सोय वापरू नका. ती पान पांढरेशुभ्र करण्याच्या नादात फिकट शाई आणि पेन्सिलीचे शेरे पुसते, आणि जुन्या वह्यांत महत्त्वाचे शेरे बहुधा पेन्सिलीतच असतात.

दोघांनी काम करावे, एक पाने उलटतो आणि एक फोटो घेतो. कोरी पानेसुद्धा घ्या, नाहीतर नंतर पान गाळले की कोरे होते ते कळत नाही. फाइलचे नाव त्याच दिवशी द्या : वहीचा नंबर, पानाचा नंबर, डावे की उजवे. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे. तो आकसून येतो.

शाळेत १९६१ पूर्वीचे काहीच नाही. मग इतिहास संपला का? — माजी विद्यार्थिनी, पुणे

संपला नाही. नदीकाठच्या पेठांतल्या शाळेचे दप्तर नेमके तिथे तुटत असेल तर पहिली शंका १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची घ्या. शाळेतले गेले तरी सरकारी प्रती उरलेल्या असतात.

मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याच्या संचालकांचे वार्षिक अहवाल १८५५-५६ पासून आहेत. त्यांत हायस्कुले, पटसंख्या, अनुदान यांचे तक्ते येतात. शोधण्याची जागा म्हणजे मुंबईच्या काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार. पुण्याचे पुराभिलेखागारही पाहा. इलाख्याच्या गॅझेटियरांत पुणे (खंड १८) आणि सातारा (खंड १९, १८८५) यांत शिक्षणावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. वर्तमानपत्रांत ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’ आणि १९३२ नंतर ‘सकाळ’. सगळे अंक चाळू नका. मॅट्रिकचा निकाल, बक्षीससमारंभ आणि प्रवेशाच्या जाहिराती ज्या आठवड्यांत येत, तेवढेच पाहा. इमारतीसाठी सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा जुना उतारा काढा. जागा कोणाच्या नावावरून शाळेच्या नावावर कधी आली, ते त्यात कळते, आणि दंतकथेतला दाता बरेचदा तिथे निराळाच निघतो.

मराठवाड्यातल्या शाळेसाठी ही वाट चालणार नाही. १९४८ पर्यंत तो भाग निजामाच्या राज्यात होता, जुनी कागदपत्रे उर्दूत असतात आणि वरिष्ठ कार्यालयांचे दप्तर हैदराबादला. विदर्भ १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात होता; नागपूरपासून सुरुवात करा. मराठी शाळांची फार जुनी दप्तरे मोडीत असू शकतात. ती अंदाजाने वाचू नका, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आकड्यांत आणि नावांत अंदाज हमखास चुकतो.

शाळेतही नुसते ‘रजिस्टर आहे का’ असे विचारून भागत नाही. शेरेबुक, सूचनावही, कॅटलॉग (हजेरीपट), पगारपत्रके, डेडस्टॉक रजिस्टर (सामानाची नोंदवही) आणि हस्तलिखित अंक अशी नावे घेऊन विचारा. डेडस्टॉकमध्ये पहिला विजेचा पंखा, प्रयोगशाळेतली पहिली तराजू, मुलींसाठी आणलेली वेगळी बाके कोणत्या साली आली ते मिळते. सूचनावहीत तर शाळेचा रोजचा आवाज असतो.

मुलाखती घ्यायच्या आहेत. सगळे ‘ते दिवस सोन्याचे होते’ एवढेच म्हणतात. — माजी विद्यार्थी संघ, ठाणे

प्रश्न मोठा विचारला की उत्तर असेच येते. ‘शाळेबद्दल सांगा’ म्हणू नका. घंटा कुठे टांगलेली होती, कोण वाजवायचे, पाणी कुठे प्यायचात, मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर, कोणाबरोबर नाही, फी कोण भरायचे आणि उशीर झाला तर काय व्हायचे, असे विचारा. जुना वर्गफोटो हातात द्या आणि त्यात नसलेल्या मुलांबद्दल विचारा. फोटोच्या दिवशी गणवेश नव्हता म्हणून कोण आले नाही, हे त्या पिढीला लख्ख आठवते.

सालाचा घोळ असेल तर गावाच्या आठवणीला बांधा : पुण्यात पानशेतचा पूर, साताऱ्या-कराडकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, सगळीकडे १९७२ चा दुष्काळ, मुंबईत १९८२ चा संप आणि २६ जुलै २००५. ‘त्याच्या आधी की नंतर’ एवढे विचारले की साल दोन वर्षांच्या आत येते.

शिक्षकांच्या आधी शिपाई, कारकून आणि प्रयोगशाळा सहायक यांच्याकडे जा. वर्ग शिक्षकांनी पाहिला, सगळी शाळा शिपायाने पाहिली. मुलाखत तासाभरापेक्षा लांबवू नका, पंखा बंद करा कारण ध्वनिमुद्रणात त्याची घरघर शब्द खाते, फोन विमान-मोडवर ठेवा, आणि सुरुवातीलाच तारीख, जागा व ‘हे छापायला माझी संमती आहे’ एवढे ध्वनिमुद्रित करा. जे छापू नका म्हणतील ते छापू नका.

परदेशातले माजी विद्यार्थी देणगी देणार आहेत. संघाच्या खात्यात घ्यावी का? — वाचक, नाशिक

देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे ते आधी पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असूनही ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या नियमनाचा कायदा, त्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. त्यामुळे पासपोर्टची प्रत मागून घ्या, यात संकोच नको. संघ नोंदवलेला नसेल तर किमान सात सदस्यांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी. कार्यकारिणी बदलली की तसा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत द्यावा. तोवर कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे गोळा करू नका. चांगले संघ इथेच फुटतात.

रजिस्टरातली पाने स्मरणिकेत जशीच्या तशी छापावीत का? — संपादक, मुंबई

नाही. एका पानावर पंधरा-वीस जणांची जात, जन्मतारीख, वर्तणुकीचा शेरा असतो. त्यांची मुले-नातवंडे त्याच गावात राहतात. ‘फी थकली’ किंवा ‘नापास’ हे शब्द ऐंशी वर्षांनीही घरात लागतात. पानाचे छायाचित्र हवेच असेल तर एकाच व्यक्तीची ओळ, तीही तिच्या किंवा घरच्यांच्या लेखी संमतीने, आणि बाकी ओळी झाकून. आकडे मात्र मोकळेपणाने छापा : अमुक साली नवे प्रवेश किती, त्यांत मुली किती, सातवीच्या आत किती जणांनी शाळा सोडली, कारणे कोणती. नावे फक्त वर्षवार यादीत, पूर्ण नाव आणि शाळेतले शेवटचे वर्ष एवढेच, आणि त्या यादीत मॅट्रिक न झालेलेही घ्या. मुद्रिते तपासायला दोन वेगवेगळ्या पिढ्यांची माणसे बसवा. एकाने रजिस्टरच्या फोटोवरून नाव मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापील यादीवर टिंब द्यायचे.